दुहेरी दिसण्यावर कोरियन वैद्यकाचा उपचार : सुईपासून काढ्यापर्यंत एक परखड परीक्षण

दक्षिण कोरियात एकाचे दोन दिसू लागले की माणसापुढे दोन दारे असतात. एकावर डोळ्यांच्या डॉक्टरची पाटी असते, दुसऱ्यावर हानुइवॉनची, म्हणजे पारंपरिक कोरियन वैद्यकाच्या दवाखान्याची. तिथला वैद्य, हानुइसा, सहा वर्षे शिकून आणि राष्ट्रीय परीक्षा देऊन परवाना मिळवतो. या वैद्यकात आठ विशेष शाखा आहेत आणि त्यांतली एक डोळे-कान-नाक-घसा-त्वचा अशी आहे. राष्ट्रीय आरोग्य विमाही दोन्ही दारांमागे चालतो. त्यामुळे सुईने डोळा सरळ होईल या आशेने पेशंट थेट दुसऱ्या दारात जातो, तेव्हा त्यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही.

आमचे मत आधीच सांगून टाकतो. निदान पक्के झाल्यावर, दर काही आठवड्यांनी मोजमाप करत, मुख्य उपचाराला जोड म्हणून ही सेवा घ्यायला हरकत नाही. पहिले दार म्हणून मात्र ती निवडू नका.

कारण साधे आहे. दुहेरी दिसणे हे लक्षण आहे, आजार नाही. आणि त्यामागचे काही आजार तासांच्या हिशेबाने वाढतात.

सुरुवातीला एक तपासणी स्वतःच करा. एक डोळा तळहाताने पूर्ण झाका, मग दुसरा. एकच डोळा उघडा असतानाही दोन प्रतिमा दिसत असतील, तर दोष बहुधा डोळ्याच्या आतल्या काचेत आहे : मोतीबिंदू, कॉर्नियाचा वाकडेपणा, कोरडेपणा, चुकीचा नंबर. तिथे डोळ्याच्या हालचालींचा संबंध नाही आणि त्यासाठी सुया टोचून घेणे हा निव्वळ वेळेचा आणि पैशाचा अपव्यय आहे. कुठलाही एक डोळा झाकला की दुहेरीपणा जात असेल, तर दोन डोळ्यांची दिशा जुळत नाही असे समजावे. हे परीक्षण त्या दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे.

प्रत्येक डोळा हलवायला सहा स्नायू असतात आणि त्यांना मेंदूकडून तीन नसा जातात : मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या क्रमातली तिसरी, चौथी आणि सहावी. कुठली नस अडली आहे, हे तक्रारीवरूनच बरेचसे कळते. सहावी अडली की डोळा बाहेरच्या बाजूला वळत नाही. दोन प्रतिमा शेजारी-शेजारी दिसतात, आणि दूरचे पाहताना त्रास जास्त होतो. चौथी अडली की एक प्रतिमा वर, एक खाली. जिना उतरताना आणि वाचताना माणूस गडबडतो, आणि नकळत मान एका खांद्याकडे कलती ठेवतो. तिसरी पूर्ण अडली की पापणी मिटते आणि बुबुळ खाली-बाहेर जाते. पापणी मिटल्यामुळे दुहेरीपणा झाकला जातो आणि घरच्यांना वाटते, फक्त पापणीचाच त्रास आहे.

आता कुठे थांबायचे नाही ते. पापणी पडली आहे, डोके दुखते आहे आणि त्याच डोळ्याची बाहुली दुसऱ्यापेक्षा मोठी झाली आहे, असे असेल तर मेंदूतल्या धमनीला आलेला फुगा तिसऱ्या नसेला दाबत असू शकतो. दुहेरी दिसण्याबरोबर बोलणे अडखळणे, तोंड वाकडे होणे, हातपाय लुळे पडणे, चालताना झोक जाणे हा पक्षाघात असू शकतो. पन्नाशीच्या पुढे कानशील दुखणे आणि चावताना जबडा भरून येणे, हे धमनीच्या सुजेचे लक्षण असू शकते आणि त्यात दृष्टी कायमची जाऊ शकते. गिळायला किंवा श्वास घ्यायला जड जात असेल तर तोही तातडीचाच प्रकार. यांतले काहीही असेल तर कोरियात 119 फिरवा आणि मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जा. हानुइवॉनमध्ये अपॉइंटमेंट असेल तर ती रद्द करा.

हानुइवॉनची मर्यादा इथेच कळते. हानुइसा एमआरआय किंवा सीटी काढू शकत नाही, आधुनिक औषधे लिहून देऊ शकत नाही. डिसेंबर 2013 मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने हानुइसांना डोळ्याचा दाब, नंबर आणि दृष्टिक्षेत्र मोजणारी स्वयंचलित यंत्रे व स्लिट लॅम्प (डोळा मोठा करून पाहण्याचे यंत्र) वापरायला मोकळीक दिली. चांगले झाले, पण यांतले एकही यंत्र मेंदूतला फुगा दाखवत नाही. म्हणून छोट्या हानुइवॉनपेक्षा हानबांग ब्योंगवॉन, म्हणजे कोरियन वैद्यकाचे रुग्णालय, आम्हाला या आजारासाठी बरे वाटते. 2010 पासून अशा रुग्णालयांना आधुनिक डॉक्टर नेमता येतात. ज्या ठिकाणी दोन्ही परवान्यांचे लोक एका छताखाली आहेत, तिथे शंका आली की स्कॅन त्याच दिवशी होण्याची शक्यता असते.

तपासणी कशी होते, यावरून दवाखान्याची पारख होते. पारंपरिक बाजूने हानुइसा नाडी पाहतो, जीभ पाहतो, पोट दाबून पाहतो, झोप-पचन-थकवा विचारतो. त्यामागे जुनी मांडणी आहे. कोरियन राजवैद्य हॉ जुन याने 1610 मध्ये पूर्ण केलेल्या आणि 1613 मध्ये छापल्या गेलेल्या ‘दोंगुइ बोगाम’ या ग्रंथात डोळ्यांचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात डोळ्याची पाच चक्रे सांगितली आहेत : पापणी प्लीहेची, कोपरे हृदयाचे, पांढरा भाग फुप्फुसाचा, बुबुळाचा काळा भाग यकृताचा, बाहुली मूत्रपिंडाची. त्याहून जुन्या चिनी परंपरेत असे म्हटले आहे की डोळ्याचे सत्त्व विखुरले की एकाचे दोन दिसतात. आणि अचानक तिरळा झालेला डोळा वाऱ्याने ओढला जातो. हे सगळे ऐकायला सुंदर आहे आणि वैद्य औषध कसे निवडतो हे समजायला उपयोगाचे आहे. पण पडलेली पापणी ‘प्लीहा दुर्बळ’ म्हणून लिहिली गेली, तर त्यामागे मायस्थेनिया (नसेचा संदेश स्नायूला नीट न पोचल्याने थकव्याबरोबर वाढणारा अशक्तपणा) आहे की तिसरी नस, हे त्या शब्दातून कळत नाही.

म्हणून नाडीबरोबर आणखी काय केले जाते ते बघा. चांगला हानुइसा बोट नऊ दिशांना फिरवून दोन्ही डोळ्यांचे फोटो काढतो. आळीपाळीने डोळा झाकून बुबुळ किती सरकते ते पाहतो. दोन्ही बाहुल्या अंधारात आणि उजेडात ताडून पाहतो. पेशंटला अर्धा-एक मिनिट सतत वर बघायला लावून पापणी हळूहळू खाली येते का ते पाहतो. येत असेल तर मायस्थेनियाचा संशय घेतो. मधुमेह, रक्तदाब, थायरॉइडचे रिपोर्ट मागतो. आणि आधी नेत्रतज्ज्ञ किंवा मज्जातज्ज्ञाला दाखवले का, हे विचारतो. यांतले काहीच न करता पहिल्याच भेटीत तीन महिन्यांचे पॅकेज समोर ठेवणाऱ्या ठिकाणाहून उठून यावे.

आता सुया. या सेवेतला हाच भाग सर्वांत विचारपूर्वक बघण्यासारखा आहे.

नेहमीच्या जागा दोन गटांतल्या. डोळ्याभोवती : आतल्या कोपऱ्याजवळ जॉंगम्यॉंग, भुवईच्या आतल्या टोकाला छानजुक, बाहेरच्या टोकाला साजुकगोंग, बाहेरच्या कोपऱ्याच्या कडेला दोंगजार्यो, कपाळावर भुवईच्या वर यांगबेक. दूरच्या : मानेच्या मागे कवटीखाली पुंगजी, हातावर अंगठा आणि तर्जनीमध्ये हापगोक, पायावर थेछुंग. सुई एकदाच वापरायची, निर्जंतुक पाकिटातली. चेहऱ्यासाठी साधारण 0.20 मिलिमीटर जाडीची आणि 30 मिलिमीटर लांबीची. पंधरा-वीस मिनिटे ती तशीच ठेवतात. आठवड्यातून दोन-तीन वेळा, असा नेहमीचा क्रम.

भुवईवरच्या, कपाळावरच्या आणि हातापायांच्या सुयांत धोका कमी आहे. एखादा निळा डाग पडेल, तो आठवड्या-दोन आठवड्यांत जाईल. जॉंगम्यॉंग वेगळी. ती डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याच्या किंचित वर आहे आणि खोल टोचली तर सुई बुबुळाचा गोळा आणि खोबणीची भिंत यांच्या फटीत जाते. कोरियाच्या विम्याच्या दरपत्रकात खोबणीच्या आत टोचायच्या सुयांना वेगळी नोंद आहे, ‘आनवा-ने-छिमसुल’. साध्या सुईपेक्षा ते निराळे काम मानले जाते, आणि ते बरोबरच आहे.

हे काम नीट झाले तर असे दिसते. पेशंट पाठीवर झोपलेला, डोळे मिटलेले. वैद्य एका हाताच्या बोटाने बुबुळाचा गोळा हलकेच बाहेरच्या बाजूला सारतो आणि तिथेच धरून ठेवतो. दुसऱ्या हाताने सुई खोबणीच्या हाडाला लगटून, सरळ आणि अतिशय सावकाश आत नेतो. टोचण्याची नळी वापरून टपकन मारायची नाही. अडथळा लागला की तिथेच थांबायचे, जोर लावायचा नाही. आत गेल्यावर सुई पिळायची नाही, वरखाली करायची नाही, तिला वीजप्रवाह जोडायचा नाही. काढतानाही तितकेच सावकाश, आणि लगेच कोरड्या कापसाने दोन-तीन मिनिटे दाबून धरायचे. ती दोन मिनिटे वाचवली की दुसऱ्या दिवशी डोळा काळानिळा झालेला असतो.

खोलीचे भान का हवे, ते आकड्यांत बघा. खोबणीच्या आतल्या कडेपासून सुमारे 24 मिलिमीटरवर भिंतीतून एक धमनी जाते, आणि 42 मिलिमीटरच्या आसपास दृष्टीच्या नसेचे भोक असते. म्हणजे 30 मिलिमीटरची सुई पूर्ण आत गेली तर ती धमनी तिच्या टप्प्यात येते. खोबणीत रक्तस्राव झाला की दाब वाढून दृष्टीच्या नसेचा रक्तपुरवठा तुटू शकतो. टोचल्यानंतर डोळा पुढे येणे, ठणका लागणे, अंधूक दिसणे, यांपैकी काहीही झाले तर घरी जाऊन बर्फ लावत बसू नका, त्याच क्षणी नेत्र-आपत्कालीन विभागात जा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर खोबणीतली सुई आम्ही सरळ नको म्हणू. डोळ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, किंवा नंबर मोठा उणे असून डोळ्याचा गोळा लांबट असेल, तरीही नको.

आणि एक गोष्ट बहुतेक ठिकाणी नीट सांगितली जात नाही. सहाव्या नसेचा बिघाड बहुधा कवटीच्या आत, डोळ्यापासून बऱ्याच मागे असतो. कोपऱ्यातली सुई तिथवर पोचत नाही आणि पोचायलाही नको. सुईने आसपासचे रक्ताभिसरण वाढते, भुवईमागचे दुखणे कमी होते, पापणीभोवतीचा ताण उतरतो, इतपत म्हणता येईल. अडलेली नस सुईने ‘उघडते’ असे म्हणायला आधार नाही.

मग लोक बरे होतात ते कसे? मधुमेह किंवा रक्तदाबामुळे नसेचा बारीक रक्तपुरवठा अडला असेल, तर ती नस बहुतेकांत तीन महिन्यांच्या आसपास आपोआप सुधारते. काहींना सहा महिने लागतात. आता हिशेब करा : पेशंट दुसऱ्या आठवड्यात येतो, दहा आठवडे सुया घेतो, बाराव्या आठवड्यात एकच दिसू लागते. श्रेय कुणाचे? या विषयावर कोरियन नियतकालिकांत जे छापून येते त्यात एकेका रुग्णाच्या किंवा काही मोजक्या रुग्णांच्या नोंदी भरपूर असतात. सुया न घेतलेल्या तशाच रुग्णांशी तुलना नसेल, तर अशा नोंदीतून उपचाराचा गुण सिद्ध होत नाही. दवाखान्याच्या भिंतीवरचे ‘आधी-नंतर’चे फोटो पाहताना दोन फोटोंमध्ये किती आठवडे गेले ते विचारा.

याच कारणाने आम्ही मोजमापाचा इतका आग्रह धरतो. रुग्णालयात प्रिझम (प्रकाश वळवणारी तिरकी काच) लावून तिरळेपणा प्रिझम डायॉप्टरमध्ये मोजतात. एक डायॉप्टर म्हणजे एक मीटर अंतरावर प्रतिमा एक सेंटीमीटर सरकणे. घरीही ढोबळ मोजता येते. भिंतीवर एक उभी पट्टी चिकटवा, बरोबर तीन मीटरवर खुर्ची ठेवा, डोके सरळ ठेवून पट्टीकडे बघा आणि दोन प्रतिमांमधले अंतर घरच्या माणसाकडून भिंतीवर खुणा करून मोजून घ्या. अंतर 30 सेंटीमीटर भरले तर तिरळेपणा साधारण 10 डायॉप्टरचा. आठवड्यातून एकदा, त्याच वेळी, त्याच खुर्चीवरून. आकडा सकाळी एक आणि संध्याकाळी भलताच वेगळा येत असेल तर मायस्थेनियाची तपासणी राहिली आहे का ते बघा. प्रतिमा वरखाली दिसत असतील तर पट्टी आडवी लावा.

चार आठवड्यांत आकडा हललाच नाही तर पुढच्या सुयांचे पैसे भरण्याआधी हानुइसाशी स्पष्ट बोला. तीन महिन्यांत सुधारणा नसेल, किंवा मधेच दुसरी नसही अडली, तर ‘बारीक रक्तवाहिनीचा प्रकार’ हे निदानच चुकले असू शकते. पुन्हा मज्जातज्ज्ञाकडे, आणि स्कॅन झाला नसेल तर तो करून घ्या.

याकछिम, म्हणजे औषध सुईतून टोचणे, याबद्दल आमचे मत कडक आहे. मानेत किंवा खांद्यात वनस्पतींच्या अर्काचे इंजेक्शन एक वेळ समजू शकते. डोळ्याभोवती मधमाशीच्या विषाचे नको. त्याची तीव्र अ‍ॅलर्जी काही मिनिटांत जिवावर बेतते. आधी कातडीवर अगदी थोड्या मात्रेची चाचणी, वाट पाहणे आणि हाताशी अ‍ॅड्रेनॅलिन एवढे तरी हवेच. चाचणीत काही झाले नाही म्हणजे पुढच्या वेळीही होणार नाही असे नाही. शिवाय पापणीची कातडी इतकी पातळ की सूज आली की डोळाच मिटतो, आणि मग सुधारणा मोजणार कशी? मोक्साचा, म्हणजे वाळलेली वनस्पती जाळून दिलेला, धुमसता शेक पोटावर-पायावर घेतला तर ऊब मिळते. चेहऱ्यावर थेट कधीच नको. छुना, म्हणजे हाताने मणके-सांधे बसवणे, याचे डोळ्याच्या नसांवर काही काम नाही, आणि धमनीची शंका मिटेपर्यंत मानेला झटका देऊ देऊ नका.

काढ्याचा भाग मात्र सविस्तर सांगायला हवा, कारण तो घरी जातो आणि तिथे देखरेख नसते. पापणी पडणे, थकल्यावर दुहेरी दिसणे अशा तक्रारींत बोजुंगिक्कीथांग हा काढा वारंवार दिला जातो. त्यात आठ द्रव्ये : ह्वांगी, जिनसेंग, बेकछुल, ज्येष्ठमध, दांग्वी, संत्र्याची सुकी साल, सुंगमा आणि शिहो. ‘दोंगुइ बोगाम’च्या मापाप्रमाणे एका पुडीत ज्येष्ठमध एक ‘दोन’ (जुने कोरियन वजन), म्हणजे 3.75 ग्रॅम. दिवसाला दोन पुड्या धरल्या तर 7.5 ग्रॅम. वीस पुड्यांचा एक ‘जे’ धरला तर 75 ग्रॅम. ज्येष्ठमध या प्रमाणात आठवडेच्या आठवडे घेतले की अंगात मीठ-पाणी साचते, रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरते. पोटॅशियम उतरले की स्नायू आणखी ढिले पडतात. म्हणजे मायस्थेनियाच्या पेशंटची पापणी उचलायला दिलेला काढा त्याच पापणीला खाली ओढू शकतो. त्यात स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर पोटॅशियम दोन्हीकडून घटते. मधुमेह-रक्तदाबातून आलेल्या नसेच्या पेशंटला तर चढलेला रक्तदाब मुळावरच येतो. म्हणून काढा घ्यायचाच असेल तर ज्येष्ठमधाचे ग्रॅम विचारा, दोन आठवड्यांनी रक्तदाब आणि पोटॅशियम तपासा, पायावर सूज किंवा पिंढऱ्यांत गोळे आले तर थांबवा. वॉर्फरिन (रक्त पातळ करणारे औषध) चालू असेल तर जिनसेंग आणि दांग्वी असलेला काढा डॉक्टरला न विचारता घेऊ नका.

अचानक तिरळ्या झालेल्या डोळ्यासाठी बेकबुजा, रेशमाचा वाळलेला किडा आणि विंचू असलेले ‘ग्योनजोंगसान’सुद्धा वापरले जाते. बेकबुजा ही कोरियात बचनागाच्या कुळातली वनस्पती आहे. शोधन आणि मात्रा चुकली तर ओठ-जीभ बधिर होणे, छातीत धडधड, ठोके चुकणे. हे औषध परवाना असलेल्या काढाघरातूनच आलेले हवे. 2018 पासून दवाखान्याबाहेरच्या काढाघरांना आरोग्य मंत्रालयाचे प्रमाणपत्र मिळू लागले आहे, ते आहे का ते विचारायला संकोच करू नका. बाजारातून सुटी द्रव्ये आणून घरी उकळणे या बाबतीत अजिबात नको.

पैशाची बाजू. साधी सुई, मोक्सा आणि कपिंग 1987 पासून विम्यात आहेत. हानुइवॉनमध्ये बाह्यरुग्णाला साधारण 30 टक्के वाटा स्वतः भरावा लागतो. जुलै 2019 पासून सहा महिन्यांहून जास्त राहणाऱ्या परदेशी नागरिकांनाही हा विमा सक्तीचा आहे, त्यामुळे तिथे शिकणाऱ्या किंवा नोकरी करणाऱ्यांना सुईचा खर्च जड जात नाही. याकछिम विम्याबाहेर. छुना 2019 पासून विम्यात आले, पण हाडा-स्नायूंच्या दुखण्यासाठी. काढ्याला नोव्हेंबर 2020 पासून प्रायोगिक तत्त्वावर विमा मिळू लागला, तो ठरावीक आजारांपुरता. त्या यादीत तोंड वाकडे होणे आणि पक्षाघातानंतरचे त्रास आहेत, दुहेरी दिसणे वेगळे म्हणून नाही. त्यामुळे खरा खर्च काढ्याचा आणि याकछिमचा होतो, आणि पॅकेज विकताना भर त्याच दोन गोष्टींवर असतो. सुया विम्यातून, बाकी काही नको, असे सांगायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

आमच्या मते ही सेवा कुणाला उपयोगी पडेल? स्कॅन स्वच्छ आलेला आहे, साखर आणि रक्तदाब आवरलेले आहेत, नस सुधारायची वाट पाहणे चालू आहे आणि भुवईमागे दुखते आहे, अशा माणसाला भुवई-कपाळ-मान-हाताच्या सुया. पक्षाघातानंतर हानबांग ब्योंगवॉनमध्ये पुनर्वसन चालूच आहे, अशांनाही. थायरॉइडमुळे स्नायू सुजून डोळा अडकला असेल, खोबणीचे हाड मोडून स्नायू त्यात चिमटला असेल, किंवा सहा महिन्यांनंतर तिरळेपणा एका आकड्यावर स्थिर झाला असेल, तर सुयांकडून काही अपेक्षा ठेवू नका. तिथे औषध, प्रिझम, स्नायू सैल करणारे बोटुलिनमचे इंजेक्शन किंवा शस्त्रक्रिया हेच मार्ग.

आणि उपचार कुठलाही चालू असो, रोजचे जगणे आजच सोपे करता येते. चष्म्याच्या एका काचेवर आतून धुरकट पारदर्शक चिकटपट्टी लावा. दुसरी प्रतिमा पुसट होते आणि डोळ्यावर काळी पट्टी बांधून हिंडावे लागत नाही. मोठ्या माणसांनी बाजू आलटून-पालटून लावली तरी चालते; लहान मुलांच्या बाबतीत मात्र डोळा आळशी पडू शकतो, तिथे नेत्रतज्ज्ञाला विचारल्याशिवाय काही झाकू नका. आकडा छोटा असेल तर चष्म्यावर चिकटवायची पातळ फ्रेनेल प्रिझम मिळते आणि तिरळेपणा कमी झाला की ती बदलता येते. जिना उतरताना कठड्याला हात, आणि एकच दिसू लागेपर्यंत गाडीची किल्ली दुसऱ्याकडे.